आयटीआय झालं, आता ॲप्रेंटिस, कुपवाडचं वर्कशॉप की डिप्लोमा?

आयटीआयच्या टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेडचा, म्हणजे धातू कापणाऱ्या मशीनच्या कोर्सचा, निकाल लागला की सांगली-मिरजेत घरोघरी एकच चौकशी: पगार किती? मी म्हणेन, आधी विचारा, सेटिंगला, म्हणजे मशीन जुळवायला, हात लावू देणार का?

सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) चकात, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं, हे आठवड्यात जमतं. इन्सर्ट (कापणारं टोक) झिजून बोअर, म्हणजे आतलं भोक, वीस मायक्रॉन (मिलिमीटरचा पन्नासावा भाग) कमी यायला लागला की बोअर गेजने मोजून मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे तेवढी दुरुस्ती, टाकतो तो सेटर. त्याला हाक मारून बाजूला उभा राहतो तो ऑपरेटर. पगारात फरक पडतो तो इथेच.

ॲप्रेंटिसशिप साधारण वर्षाची. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. केंद्राच्या योजनेत त्यातला पाव हिस्सा, पण १,५०० च्या आतच, सरकार देतं. शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. मोठ्या कारखान्यात ड्रॉइंग वाचणं, तपासणी, सेफ्टी यांची शिस्त लागते, ती छोट्या शेडमध्ये लागेलच असं नाही. पण कायद्याने ॲप्रेंटिस हा शिकाऊ, कामगार नव्हे. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. ‘पर्मनंट करतो’ असं कुणी तोंडी सांगितलं तर करारात तसं लिहिलंय का ते बघा. करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा, नाहीतर ती नुसती स्वस्तातली मजुरी. आणि वर्षभर एकाच लाइनवर एकच जॉब काढला तर हातात फक्त कागद उरतो.

कुपवाड एमआयडीसीतलं पाच-सहा मशीनचं वर्कशॉप याच्या उलट. तिथे माणसं कमी, त्यामुळे सकाळी टर्निंग, दुपारी ड्रिलिंग, संध्याकाळी टेम्पोत माल भरणंसुद्धा. मालक स्वतः सेटिंग करणारा असेल तर सहा महिन्यांत हात बसतो. मात्र पीएफ, ओव्हरटाइम, पगाराची तारीख हे आधीच खडसावून विचारा. तिथलेच दोन कामगार चहाच्या गाड्यावर गाठलेत तर खरं कळेल.

इंजिनिअरिंगचा डिप्लोमा कुणी घ्यावा? ज्याला गणिताची भीती नाही आणि घरातून अजून दोन वर्षं खर्च झेपतो त्याने. आयटीआयचा ट्रेड दोन वर्षांचा असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. मिरज आणि कराड दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. सुपरवायझर किंवा क्वालिटीत जायचं असेल तर हाच रस्ता. गणित कच्चं असेल तर आधी ॲप्रेंटिस करा, डिप्लोमा नंतरही होतो.

माझा कौल: मोठ्या कंपनीत दोन-तीन विभाग फिरवणार असतील तर ॲप्रेंटिस, नाहीतर चांगल्या मालकाचं वर्कशॉप. तीन महिन्यांत सीएनसी शिकवणाऱ्या खासगी क्लासचं म्हणाल तर फी भरण्याआधी चालू मशीनवर धातू कापून दाखवायला सांगा. कॉम्प्युटरवरच दाखवत असतील तर परत फिरा.