चार डिस्क, एक रेड ५ आणि अकरा महिने

साताऱ्यात आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत एकेका दिवसाचं दोन-अडीचशे जीबी फुटेज येतं. सुट्या हार्ड डिस्कवर नावं लिहून ड्रॉवर भरायचा कंटाळा आला, तेव्हा जुन्या पीसीत ४ टीबीच्या चार डिस्क घातल्या आणि डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) एमडीअ‍ॅडम या प्रोग्रॅमने रेड ५ केलं: चार डिस्कचा मिळून एक अ‍ॅरे, म्हणजे एकच मोठी डिस्क, आणि त्यात एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायच्या हिशेबाला. वापरायला १२ टीबी, आणि एक डिस्क गेली तरी काम चालू. एवढं सगळेच सांगतात. ती एक गेल्यावर काय होतं ते कुणी सांगत नाही.

पहिला दचका अ‍ॅरे बनवला त्याच रात्री. स्टेटसमध्ये चार 'यू' (प्रत्येक चालू डिस्कची खूण) दिसायला हवेत, तिथे तीन यू आणि एक आडवी रेघ, खाली 'रिकव्हरी'. नवीकोरी डिस्क मेली की काय! तसं नव्हतं. रेड ५ बनवताना एमडीअ‍ॅडम शेवटची डिस्क मुद्दामच बाहेरची धरतो आणि बाकी तिन्ही वाचून ती भरतो. सकाळी चारही यू हजर.

मग मी स्वतःच घाण केली. बिटमॅपमुळे लिखाण मंदावतं असं कुठेतरी ऐकलं आणि तो हौसेने बंद करून टाकला. महिन्याभरात, कॉपी चालू असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली. चालू केल्यावर रिसिंक (डेटा आणि पॅरिटी पुन्हा जुळवणं) सुरू, तेही अख्ख्या अ‍ॅरेचं. डेटा लिहिला गेला पण त्याची पॅरिटी राहिली, असं नेमकं कुठे झालंय हे मशीनला कसं कळणार? बिटमॅप म्हणजे त्याचीच नोंदवही: कुठल्या भागात लिखाण चालू होतं. रिसिंक संपताच तो परत लावला. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा चहा होईपर्यंत काम उरकलं होतं.

खरी परीक्षा आठव्या महिन्यात. दुपारी तिसरी डिस्क बाद झाली. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिटापेक्षा जास्त वेळ झटू शकते. लिनक्स ३० सेकंद थांबतो, रिसेट मारतो आणि शेवटी तिला बाहेर काढतो. नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या स्टोरेज मशीनसाठीच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात, मग तेवढा तुकडा पॅरिटीवरून मिळतो. मी पैसे वाचवले होते, त्याचं हे फळ.

डिस्क काढण्याआधी सीरियल नंबर टॉर्च लावून दोनदा ताडून पाहिला. अशा वेळी चुकून चांगली डिस्क उपटली की संपलं. नवी घातली, रिबिल्ड सुरू. प्रत्येक पट्ट्यात (चारही डिस्कवरच्या एकाच जागेच्या तुकड्यांत) उरलेल्या तिघींचं एक्सऑर (१ विषम वेळा आला तर १, नाहीतर ०) काढलं की हरवलेली चौथी मिळते: १, ०, १ असेल तर ०. गणित एवढंच, पण ते ४ टीबीभर करायचं. त्यात एडिटर त्याच अ‍ॅरेवरून व्हिडिओ कापत बसलेला. वेग सेकंदाला ९,००० केबी, बाकी वेळ ७,२०० मिनिटं. म्हणजे पाच दिवस!

कारण सोपं निघालं. बाहेरचं काम चालू असलं की रिबिल्ड मागे सरतो, आणि त्याच्या किमान वेगाची मर्यादा मुळात फक्त १,००० केबी असते. ती ५०,००० केली आणि एडिटरला घरी पाठवलं. वेग १४० एमबीवर गेला. पहाटे तो ७० वर आलेला पाहून पुन्हा घाबरलो, पण डिस्कच्या आतल्या ट्रॅकवर वेग उतरतोच. पूर्ण व्हायला अकरा तास लागले. त्या अकरा तासांत उरलेल्या डिस्कवर एक सेक्टर जरी वाचता आलं नसतं, तरी त्याची भरपाई कुठूनच नव्हती. कुणाचं तरी लग्न होतं त्यात.

म्हणून डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जी तपासणी आपोआप लावतो, ती आता बंद करत नाही. पूर्वी करायचो, कारण त्याच दिवशी कार्ड रिकामी करायची घाई. तपासणीत वाचता न येणारं सेक्टर सापडलं तर चारही डिस्क धडधाकट असतानाच ते पॅरिटीवरून परत लिहिलं जातं.

पुन्हा करायचं झालं तर पाचवी डिस्क घालून रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी चालणारं) करीन, तीही नॅसचीच. तोवर एक जादा डिस्क तपासून ड्रॉवरमध्ये ठेवलीय, आणि डिलिव्हरी न झालेल्या लग्नांची वेगळी कॉपी घरी.