शेपफाइल की जिओपॅकेज? देवनागरीत नोंदी ठेवणाऱ्यांसाठी

शेपफाइल आणि जिओपॅकेज ही नकाशाची माहिती साठवण्याची दोन फाइल-रूपं. नव्या सर्वेक्षणाची फाइल करायला बसलं की त्यांतलं कोणतं घ्यायचं हा प्रश्न समोर असतो आणि बहुतेक जण तो मनात येण्याआधीच पुढे जातात. मागच्या वेळी शेपफाइल केली होती, म्हणून याही वेळी शेपफाइल. मीही कित्येक वर्षं तसंच केलं. आता करत नाही. शेपफाइल टाकून द्या असं माझं म्हणणं नाही, काही ठिकाणी ती अजूनही जास्त सोयीची पडते. पण माझ्यासारखं कुणी मराठीत नोंदी ठेवत असेल, तर माझा कल कुठे आहे आणि का, ते सांगायला हवं.

माझं काम विहिरी आणि पाणवठ्यांच्या नोंदींचं. प्रत्येक बिंदूला नाव, खोली, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं हे सगळं असतंच, पण त्याशिवाय एक मोठं टिपण असतं. तिथे पाणी भरायला येणाऱ्यांनी जे सांगितलं ते, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. बिंदू कुठे आहे ते उपग्रहाच्या चित्रावरूनही कळतं. टिपणासाठी मात्र कुणाजवळ तरी बसून ऐकावं लागतं. त्यामुळे त्या फाइलमध्ये मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा टिपणाचा कॉलम.

एकदा ज्यांना ही माहिती हवी होती त्यांनी शेपफाइल मागितली. मी एक्स्पोर्ट केली, झिप केली, पाठवली. काही दिवसांनी त्यावरून केलेल्या नकाशाचा कच्चा छाप माझ्याकडे तपासायला आला. एका विहिरीशेजारी टिपण छापलं होतं आणि त्याचा शेवट होता, ‘पहिल्या पावसानंतर पाणी पिण्यायोग्य’. वहीत पाहिलं. तिथलं वाक्य होतं, ‘पहिल्या पावसानंतर पाणी पिण्यायोग्य राहत नाही’.

शेवटचे दोन शब्द वाटेत गळले होते. पाठवणाऱ्याची चूक नव्हती, नकाशा करणाऱ्याचीही नव्हती. छपाईआधी तपासणी झाली म्हणून ते सापडलं.

मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. मजकूर शेवटून कापला गेला तर आपल्याकडे नुसता तपशील जात नाही, वाक्याचा अर्थच फिरू शकतो. हे लक्षात आल्यावर मी त्या फाइलमधली सगळी लांब टिपणं वहीशी ताडून पाहिली, आणि त्याच आठवड्यात माझा निर्णय झाला.

हे होतं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. शेपफाइल म्हणजे एकत्र राहायला हवा असा फाइलींचा जथा. आकार एसएचपीमध्ये, त्यांची सूची एसएचएक्समध्ये आणि माहितीचा तक्ता डीबीएफमध्ये. ही डीबीएफ १९८०च्या दशकात चालणाऱ्या डीबेस या डेटाबेसची देणगी. तिथे मजकुराच्या एका कॉलमला जास्तीत जास्त २५४ बाइट (साठवणुकीची लहान एककं) मिळतात आणि कॉलमच्या नावाला १०. रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून तिकडे या मर्यादा ‘२५४ अक्षरं’ आणि ‘१० अक्षरं’ अशा सांगितल्या जातात. आपण तेच आकडे ऐकून निर्धास्त राहतो.

यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला हलन्त वेगळा. ‘स्त्री’ हे एक अक्षर सहा चिन्हांचं आहे, म्हणजे १८ बाइट. कॉलमच्या नावात ते एकटंसुद्धा मावत नाही. टिपणाला २५४ बाइट म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं. माझ्या अनुभवात साधारण बारा-पंधरा शब्दांतच जागा संपते. २५४ ला ३ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे कापणारं सॉफ्टवेअर बेसावध असेल तर शेवटचं चिन्हही अर्धवट तुटतं आणि तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. खरं तर तो दिसला तर बरंच, निदान काहीतरी गेलंय हे कळतं. माझ्या टिपणात कापणी नेमकी शब्द संपताना झाली होती, त्यामुळे कुणालाही शंका आली नाही.

कॉलमच्या नावांचा त्रास त्यामानाने कमी, पण रोजचा. इंग्रजी नावं दिली तरी सुटका नाही. ‘पॉप्युलेशन’ हा शब्द रोमन लिपीत बरोबर दहा अक्षरांचा आहे. ‘पॉप्युलेशन मेल’ आणि ‘पॉप्युलेशन फीमेल’ असे दोन कॉलम केले की दोन्हींचं नाव नुसतं ‘पॉप्युलेशन’ उरतं, मग सॉफ्टवेअर दुसऱ्याची शेपटी अजून छाटून तिथे आकडा चिकटवतं. सहा महिन्यांनी उघडल्यावर कोणता कोणाचा, हे वही काढल्याशिवाय सांगता येत नाही. मराठीत ‘लोकसंख्या’चं ‘लोक’ होतं.

शिवाय सीपीजी नावाची एक चिमुकली फाइल असते. मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या कोणत्या पद्धतीत आहे, एवढंच ती सांगते. झिप करताना ती राहिली की समोरच्याला देवनागरीच्या जागी परक्या लिपीची चिन्हं दिसतात. क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लेअरच्या (नकाशावरच्या थराच्या) सोर्समध्ये जाऊन एन्कोडिंग यूटीएफ-८ केलं की बहुतेक वेळा मजकूर परत येतो, पण हे समोरच्याला माहीत असावं लागतं. नकाशाची निर्देशांक-पद्धत सांगणारी पीआरजे फाइल राहिली तर बिंदू भलतीकडे जातात, तो अनुभव सगळ्यांनाच असतो.

आणखी एक गोष्ट, विहिरीच्या खोलीमुळे मला जाणवलेली. ‘खोली मोजली नाही’ आणि ‘खोली शून्य’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. डीबीएफमध्ये हा फरक खात्रीने टिकवण्याची सोय नाही. काही सॉफ्टवेअर जागा रिकामी ठेवतात, काही शून्य लिहून मोकळी होतात. न मोजलेल्या विहिरी मग कोरड्या ठरतात.

जिओपॅकेज हे ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या नकाशा-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ साली स्वीकारलेलं मानक. आत एसक्यूलाइटचा, म्हणजे एकाच फाइलमध्ये मावणारा, डेटाबेस आहे. मजकूर यूनिकोडमध्येच राहतो, नावांना दहाची वेस नाही, टिपण हवं तेवढं लांब ठेवता येतं आणि ‘माहीत नाही’ हे ‘माहीत नाही’ असंच राहतं. विहिरी, पायवाटा आणि ओढे हे तीनही लेअर एकाच फाइलमध्ये ठेवतो. रंग आणि चिन्हंही क्यूजीआयएसमधून तिथेच साठवतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या क्यूजीआयएस ३.० पासून नव्या लेअरसाठी हेच मूळ रूप सुचवलं जातं, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्यांची सुरुवात बहुधा इथूनच होते.

आता जिओपॅकेजची गाऱ्हाणी. ती आहेत, आणि मला ती लपवायची नाहीत.

क्यूजीआयएसमध्ये फाइल उघडी असताना तिच्याशेजारी आणखी दोन तात्पुरत्या फाइली उगवतात. ताजे बदल काही काळ त्यांतच असू शकतात. त्या वेळी फक्त मुख्य फाइल उचलून पेनड्राइव्हवर टाकली तर शेवटचं काम मागे राहू शकतं. म्हणून आधी प्रकल्प बंद करायचा, शेजारच्या फाइली गेल्याची खात्री करायची आणि मगच कॉपी. नुसती उघडून पाहिली तरी फाइलची वेळ बदलते, हेही माझ्याकडे झालं आहे. बॅकअपचं सॉफ्टवेअर मग दरवेळी ती नवी समजून पुन्हा उचलतं.

दुसरं म्हणजे एफआयडी. हा प्रत्येक नोंदीचा क्रमांक, आणि तो दोनदा चालत नाही. दोन जणांनी वेगवेगळ्या फाइलींत काम करून ते एकत्र करायचं ठरवलं की दोघांकडेही क्रमांक १ असतो आणि साठवताना नकार येतो. एक्स्पोर्ट करताना एफआयडीचा कॉलम वगळला की प्रश्न सुटतो. पहिल्यांदा मात्र हे शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली.

तिसरं गाऱ्हाणं तितकं छोटं नाही. सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर फाइल ठेवून चार जणांनी एकाच वेळी तिच्यात लिहावं, यासाठी एसक्यूलाइट बनलेलं नाही. तशी गरज असेल तर या दोन्हींचा नाद सोडून पोस्टजीआयएस या सर्व्हरवरच्या डेटाबेसकडे जावं असं मला वाटतं. खूप नोंदी काढून टाकल्यावरही फाइलचा आकार आपोआप कमी होत नाही, तिला व्हॅक्यूम, म्हणजे रिकामी जागा आवरण्याचा आदेश, द्यावा लागतो. एवढं एकदा कळलं की पुढे अडत नाही.

शेपफाइलची बाजू भक्कम आहे ती ओळखीमुळे. ती बनवणाऱ्या एस्री या कंपनीने जुलै १९९८ मध्ये तिचं तांत्रिक वर्णन खुलं केलं आणि तेव्हापासून नकाशाचं जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर ती वाचतं. जुनी उपकरणं, जुने प्रोग्राम आणि माहिती स्वीकारणारी कित्येक पोर्टल्स आजही झिप केलेली शेपफाइलच मागतात. तुमचा तक्ता आकड्यांचा आणि लहान सांकेतिक शब्दांचा असेल, फाइल २ जीबीच्या आतली असेल आणि ती तुमच्या हातून लगेच दुसऱ्याकडे जाणार असेल, तर तिचा काही त्रास होईल असं वाटत नाही. वेबवरच्या नकाशासाठी जिओजेसन हे आणखी एक फाइल-रूप बरं, तो प्रश्न वेगळा.

पण काम वर्षानुवर्षं वाढणारं असेल आणि त्यात माणसांची वाक्यं असतील, तर मी जिओपॅकेजच सुचवेन. तुमच्या कामाची गरज वेगळी असू शकते, हे मान्य करूनही.

माझी आताची पद्धत अशी आहे. मूळ प्रत कायम जिओपॅकेजमध्ये. शेपफाइल मागितली गेली तर ती अगदी शेवटी करतो आणि द्यायची प्रत एवढाच तिचा उपयोग ठेवतो, तिच्यात काही दुरुस्त करत नाही. तिच्यातली कॉलमची नावं स्वतः ठरवून रोमनमध्ये आठ अक्षरांच्या आत देतो, म्हणजे छाटणी सॉफ्टवेअरवर सोडावी लागत नाही. टिपणं तिच्यात घालतच नाही. ती विहिरीच्या क्रमांकासह वेगळ्या सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुराच्या तक्त्यात) देतो आणि एन्कोडिंग काय आहे ते पत्रात लिहितो.

कुणी टिपणं आतच हवीत असा आग्रह धरला, तर आधी एक तपासणी करतो. क्यूजीआयएसमधल्या डीबी मॅनेजरमध्ये टिपणाची लांबी थेट विचारली तर चिन्हांची संख्या मिळते. टिपणाला आधी ब्लॉब, म्हणजे नुसत्या बाइटांची रांग, करून लांबी विचारली की बाइट मिळतात. २५४ च्या पुढे जाणारी टिपणं वेगळी काढतो आणि ती हाताने लहान करतो. लहान करताना ‘पिऊ नये’ हे शब्द सगळ्यांत आधी लिहितो.