अलेक्झांड्रियात घेतलेलं पपायरस आणि रावेरचे मामा

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही दोघं इजिप्तला गेलो होतो. कैरोत गाइड सोबत होता, पण अलेक्झांड्रियाचा एक दिवस आम्ही आमचे आम्ही फिरायचं ठरवलं आणि त्याच दिवशी आमची फसवणूक झाली. तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल, म्हणून सगळं जसंच्या तसं लिहितेय.

शुक्रवार होता. समुद्राच्या कडेकडेनं जाणाऱ्या कॉर्निश रस्त्यानं आम्ही कैतबेच्या किल्ल्याकडे चाललो होतो. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेलं दीपगृह तिथंच होतं. भूकंपांनी ते ढासळलं आणि पुढे १४७७ मध्ये सुलतान कैतबेनं त्याच जागी किल्ला बांधायला घेतला. तो बघायची माझी फार इच्छा होती. एक घोडागाडीवाला, तिथं त्या गाडीला हंतूर म्हणतात, आमच्या बाजूनं हळूहळू गाडी चालवत आला. "इंडिया? अमिताभ बच्चन!" म्हणाला. मग अगदी काळजीच्या सुरात सांगितलं, की आज जुम्मा, किल्ला नमाजासाठी दोन तास बंद. तोवर २०० पौंडांत (म्हणजे इजिप्शियन पौंडांत) शहर दाखवतो. आम्हाला ते पटलं, आणि इथेच आमचं चुकलं. किल्ला चारशे-पाचशे पावलांवर दिसत होता. दारापर्यंत जाऊन बघायला हवं होतं.

शहर दाखवणं दहा मिनिटांत आटोपलं आणि गाडी एका दुकानापुढे थांबली. त्याच्या तोंडी ते 'म्युझियम' होतं. पपायरस म्हणजे पाण्यात वाढणारी एक वनस्पती, तिच्यापासून प्राचीन इजिप्तमध्ये लिहायचा कागद करायचे. आत एका मुलीनं पपायरसचा हिरवा, तीन धारांचा देठ घेतला, वरची साल सोलली, आतल्या पांढऱ्या गराच्या पातळ पट्ट्या काढल्या. पाण्यातून भिजून आलेल्या पट्ट्या लाटण्यानं दाबल्या, आडव्या-उभ्या रचल्या आणि दाबयंत्रात ठेवल्या. तयार झालेला एक तुकडा तिनं माझ्या हातात दिला, पाण्यात बुडवायला लावला, चुरगळायला लावला. तो फाटला नाही. उजेडासमोर धरला तर उभ्या-आडव्या रेषांची जाळी दिसत होती. ते सगळं खरं होतं, हे मी आजही सांगते. म्हणूनच आम्ही विश्वास ठेवला. ज्या शहरातलं प्राचीन ग्रंथालय अशाच गुंडाळ्यांनी भरलेलं होतं, तिथून मामांसाठी हीच भेट न्यावी, असं मनात आलं.

भिंतीवरची दोन चित्रं निवडली. सांगितलेली किंमत निम्म्यावर आणून ३२०० पौंड दिले, म्हणजे साधारण साडेपाच हजार रुपये. चहा आला. चित्रं "पॅक करून आणतो" म्हणून एक मुलगा आत घेऊन गेला आणि पुठ्ठ्याच्या बंद नळीत घालून आणली. आम्ही नळी उघडून पाहिली नाही.

परत किल्ल्यापाशी उतरलो तर तिकिटं घेऊन माणसं आत जात होती. बाहेर येणाऱ्या एका बाईंना विचारलं, तर त्या तासाभरापूर्वीच आत गेल्या होत्या. किल्ला बंद नव्हताच. आम्ही दोघं तिकडे बघत असतानाच ह्यांनी गाडीवाल्याच्या हातावर ५० पौंडांच्या चार नोटा ठेवल्या. तो क्षणभर घोड्याकडे वळला आणि लगेच दोन नोटा पुढे करून ओरडायला लागला, "पियास्तर! पियास्तर!" त्याच्या हातात ५० पियास्तरच्या नोटा होत्या. १०० पियास्तरचा एक पौंड होतो, म्हणजे ती नोट अर्ध्या पौंडाची. आकारानं थोडी लहान, पण आकडा तोच. त्यातून अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब, त्यामुळे त्या बाजूनं आपल्याला पटकन काही कळत नाही. आपलीच चूक झाली असेल समजून ह्यांनी आणखी १०० पौंड दिले आणि त्या दोन नोटा परत घेतल्या. आमच्याकडे पियास्तरची एकही नोट नव्हती, हे रात्री हॉटेलवर हिशोब करताना लक्षात आलं.

चित्रांचा उलगडा रावेरला झाला. मामांचं सगळं आयुष्य केळीच्या बागेत गेलं. त्यांनी चित्र हातात घेतलं, उलटं केलं, बोटांनी कड चाचपली आणि म्हणाले, "अगं, हे तर केळीचं सोपट आहे." सोपट म्हणजे केळीच्या खोडाची साल. कोपरा जरा दुमडला तर कटकन मोडला. पाण्याचं बोट लावलं तर चित्रातल्या अनुबिस या इजिप्शियन देवाचा काळा रंग बोटाला आला. उजेडासमोर जाळी नव्हती, नुसत्या एकाच दिशेच्या शिरा होत्या. मामा काही बोलले नाहीत, पण मला रडू आलं. त्यांच्यासाठी इतक्या लांबून जपून आणलं होतं.

तेव्हा पपायरस घ्यायचंच असेल, तर जे चित्र विकत घेताय तेच उजेडासमोर धरा, तेच दुमडून बघा. नमुन्याचा तुकडा कितीही चांगला असला, तरी तो तुमच्या नळीत येत नाही. चित्र नजरेआड जाऊ देऊ नका, स्वतः गुंडाळा. भाव ठरवताना 'इजिप्शियन पौंड' असं पूर्ण म्हणा, कारण शेवटी ब्रिटिश पौंड मागणारेही भेटतात. नोटा देताना एकेक नोट समोरच्याला दाखवून, मोठ्यानं मोजून द्या, आणि त्या वेळी दुसरीकडे बघू नका. कुणी वाद घातलाच तर जागेवरच टुरिस्ट पोलिसांना बोलवा. पर्यटनस्थळांपाशी ते असतात. आम्ही बोलावलं नाही.

पन्नास पियास्तरच्या त्या दोन नोटा मी पर्समध्ये ठेवल्यात. परवा शेजारच्या काकू इजिप्तची तिकिटं काढून आल्या, तेव्हा एक त्यांना देऊन टाकली. पौंडाची नोट हातात आली की आधी हिच्याशेजारी ठेवून बघा, म्हटलं.