तीन लाख किलोमीटर चाललेली आमची बोलेरो

आमच्या घरी २०१२ सालची डिझेल बोलेरो आहे. एमएच २४ (लातूर) पासिंगच्या या गाडीने गेल्या महिन्यात ३,१२,००० किलोमीटरचा आकडा ओलांडला. तुळजापूरचे दर्शन, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याच्या फेऱ्या, लातूरच्या आडतीवर नेलेले सोयाबीनचे कट्टे आणि घरातल्या तीन लग्नांची वऱ्हाडे, असा सगळा भार तिने उचललेला आहे. दोन-अडीच लाख चाललेली अशी गाडी घ्यावी का, असे गावाकडचे अनेक जण विचारतात. त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

या गाडीचे इंजिन २५२३ सीसीचे असून त्याची ताकद जेमतेम ६३ अश्वशक्ती आहे. हा आकडा वाचून नाक मुरडणाऱ्यांनी १९५ न्यूटन मीटर टॉर्कही (चाके फिरवणारा जोर) पाहावा, कारण तो इंजिनच्या कमी फेऱ्यांवरच मिळतो आणि म्हणूनच भरलेली गाडी पाणंदीच्या चिखलातून दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे निघते. चेसिस (खालचा सांगाडा) स्वतंत्र आहे आणि मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. रिकामी गाडी खड्ड्यांत उडते, सात माणसे बसली की तीच गाडी बसकी आणि स्थिर चालते. वेगात पळवण्यासाठी ही गाडी नाही. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास ती समाधानी असते आणि लिटरला तेरा-चौदा किलोमीटर देते.

मात्र मराठवाड्यात या गाडीचे आयुष्य ठरते ते रेडिएटरमध्ये काय ओतले जाते यावर, हे मला फार महागात पडून कळले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे सर्वांना आठवत असेल. त्या दिवसांत आमच्या बोअरला जे थोडे पाणी येत होते ते अतिशय जड होते, आणि रेडिएटरमधले पाणी कमी झाले की आम्ही तेच ओतत असू. पाणी तापवायच्या बंबात जसा पांढरा थर बसतो, तसाच क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसत गेला. गाडी चढावर तापू लागली, तेव्हा एका गॅरेजमधल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाकला आणि आता गाडी थंड राहील असे सांगितले. मे महिन्यात औशाच्या रस्त्यावर होज पाइप फुटला. पाणी संपूर्ण निघून गेल्यावर तापमानाच्या काट्याच्या सेन्सरभोवती पाणीच उरत नाही, त्यामुळे काटा खरे तापमान दाखवत नाही. ही गोष्ट तेव्हा मला ठाऊक नव्हती आणि मी गाडी तशीच चार किलोमीटर पुढे नेली. हेड गॅस्केट (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) गेले, पाणी मिसळून इंजिन ऑईल दुधाळ झाले, आणि हेड फेसिंग (हेड घासून सपाट) करून नवा रेडिएटर बसवेपर्यंत २८,००० रुपये खर्च झाले.

त्यानंतर मी गाडीची वही ठेवू लागलो. रेडिएटरमध्ये निम्मे कूलंट (इंजिन थंड ठेवण्यासाठीचे रंगीत द्रव) आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर, याशिवाय दुसरे काही घालू देत नाही. कूलंटमुळे उकळबिंदू वाढतो आणि धातूला गंज लागत नाही, त्यामुळे त्याची गरज फक्त थंडीच्या प्रदेशात असते हा समज चुकीचा आहे. थर्मोस्टॅट पुन्हा बसवून घेतला, कारण त्याच्याशिवाय इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, डिझेल जास्त लागते आणि झीज वाढते. होज पाइप आणि फॅन बेल्ट फुटण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी, होळीच्या आधी बदलतो. या सर्वांचा मिळून येणारा खर्च त्या एका मे महिन्याच्या बिलापुढे किरकोळ आहे. २०१६ नंतर गाडी एकदाही तापलेली नाही.

उरलेल्या देखभालीत विशेष अवघड काही नाही. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत रस्त्यावर इतका भुसा आणि धूळ असते की एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतराची वाट न पाहता तपासावा लागतो. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढून टाकावे, नाहीतर इंजेक्टर खराब होतात. लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवले की टर्बोला (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागाला) ऑईल मिळत राहते. क्लच प्लेट दोनदा आणि पाट्यांचे बुश तीनदा बदलले. सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात, आणि आमच्या मते जुनी गाडी सांभाळण्यासाठी यापेक्षा मोठी सोय नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मी या गाडीची भलामण करणार नाही. चालकासाठी एअरबॅग आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि तिच्यात एअरबॅग नाही. मागच्या समोरासमोरच्या आडव्या बाकांवर आम्ही मुलांना आता बसवत नाही. तेथे सामान ठेवतो, आणि माणसे जास्त असतील तर दोन फेऱ्या करतो.

जुनी बोलेरो पाहायला जाणाऱ्यांनी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना जावे आणि मालकाला गाडी आधी सुरू करू देऊ नये. रेडिएटरचे झाकण उघडून आत रंगीत कूलंट आहे की गंजलेले तांबूस पाणी, ते पाहावे. झाकणाच्या आतल्या कडेला पांढरी खरपुडी दिसली तर मीटरवर एक लाख असले तरी सौदा करू नये. मग ऑईल भरण्याचे झाकण काढून त्याखाली दुधाळ साय आहे का ते तपासावे, आणि शेवटी आरसी पुस्तकावरील नोंदणीची तारीख पाहावी. पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासणी करून पुनर्नोंदणी करावी लागते, खासगी चारचाकीसाठी तिचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आहे आणि पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. आमच्या गाडीची पंधरा वर्षे २०२७ मध्ये भरतील, आणि ते पैसे आम्ही आताच बाजूला काढून ठेवले आहेत.