निळ्या डोळ्यांचा मॅलम्यूट आणि माझे 51,499 रुपये

मॅलम्यूट जातीच्या कुत्र्याचं पिल्लू फोनवरून घ्यायला गेलो आणि 51,499 रुपये गेले. 5,000 बुकिंगचे, 20,000 'अर्धी रक्कम' म्हणून, 11,500 एसी क्रेटचे (पिल्लू विमानाने पाठवायचा थंड पिंजरा) आणि 14,999 प्रवासविम्याचे. यातले शेवटचे दोन 'रिफंडेबल' होते बरं का! रिफंडेबल शब्द कानावर आला की फोन ठेवा, पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल.

पिल्लं विकण्याच्या नावाखाली काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. मेव्हणा तर 'पुण्यात बर्फातला कुत्रा कशाला?' इथूनच सुरू झाला. पण मी रील्स बघून पाघळणारा माणूस नाही. मुलीने दहावीनंतर कुत्रा मागितला तेव्हापासून आम्ही दोघं या जातींबद्दल वाचत होतो. सायबेरियन हस्की मूळ सायबेरियातल्या चुकची लोकांचा, हलकं ओझं लांबवर वेगाने ओढणारा. 1925 साली अलास्कातल्या नोम गावाला घटसर्पावरचं औषध पोचवणारे टोगो आणि बाल्टो याच जातीचे. पण हस्की कुंपण ओलांडतो, बाग खणून काढतो आणि राखणीला शून्य, चोरापुढेही शेपूट हलवेल. म्हणून आम्ही मॅलम्यूटवर आलो. अलास्काच्या कोट्झेब्यू साउंडकडच्या इनुइट लोकांचा, जड माल ओढणारा, नर साधारण 38 किलोचा. अंगावर केसांचे दोन थर, वर्षातून दोनदा घरभर केस, उन्हाळ्यात दुपारी बाहेर काढायची सोय नाही. हे सगळं धरून घरात एसी बसवला, पहाटे फिरवायची तयारी ठेवली.

आणि त्या भामट्याने नेमकं हेच माझ्यावर उलटवलं.

तो स्वतःला मनालीचा ब्रीडर म्हणवत होता. थंडीत वाढलेलं पिल्लू, 40,000 रुपये. फोटो आला, पिल्लाचे डोळे निळेशार. मुलगी लगेच म्हणाली, "बाबा, मॅलम्यूटचे डोळे तपकिरी असतात ना? निळे असले तर शोमधून बाद करतात." बरोबर होती ती. मी त्याला विचारलं. उत्तर आलं, "सर, रेअर लाइन है, दस हजार एक्स्ट्रा लगेगा." आणि मी काय करावं? घासाघीस! आठ हजारांत दे म्हणालो. तो हलला नाही, सौदा 50,000 ला ठरला. मुलीला मीच समजावलं की पिल्लांचे डोळे आधी निळसरच असतात, पुढे रंग बदलतो. ते खोटं नाही. पण जो रंग पुढे बदलणार, त्याचे कोणी दहा हजार जास्त घेतं का? हा प्रश्न रात्री अजूनही डोक्यात फिरतो. जातीतला दोष मी जादा पैसे मोजून घेत होतो, तोही नसलेल्या कुत्र्याचा.

क्रेटचंही तेच. मे महिना होता, विमानात उकाड्याने पिल्लू दगावणार नाही ना, हे मीच विचारलं. अर्ध्या तासात एसी क्रेटचं बिल हजर! लॅब्रेडोर असता तर मी हसून फोन ठेवला असता. बर्फातल्या कुत्र्याला एसी क्रेट लागतो हे कोणालाही पटेल, तुम्हालाही पटलं असतं. मग विमा. मग 'दिल्ली एअरपोर्टवर पिल्लू क्वारंटाइनमध्ये अडकलंय, 18,000 भरा, नाहीतर तुमच्यावर प्राणी छळाची केस होईल.' इथे मी थांबलो. देशातल्या देशात कुत्र्याला क्वारंटाइन नसतं, ते परदेशातून येणाऱ्या प्राण्यांसाठी असतं. नंबर ब्लॉक झाला, पेज गायब.

आता पुढचा तमाशा. 1930 ही सायबर हेल्पलाइन लागता लागत नाही. लागली तेव्हा तक्रार क्रमांक मिळाला, आणि तेवढंच. बँकेत साहेब म्हणाले, "काका, पिन तुम्हीच टाकलाय ना? मग व्यवहार अधिकृत." अहो, फसवून टाकायला लावला म्हणूनच तर तुमच्या दारात आलोय! माझ्या सहीचा फॉर्म मात्र त्यांनी दोनदा भरून घेतला, कारण पहिला हरवला. पोलीस ठाण्यात "कुत्र्यासाठी पन्नास हजार?" म्हणत सगळे एकमेकांकडे बघून हसले. मग हद्दीचा विषय. खातं बाहेरच्या राज्यातलं, तिकडे जा म्हणे. गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात एफआयआर घेता येतो, हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय. ते दाखवलं तर "वकील आहात का?" शेवटी एफआयआर नाहीच, नुसता अर्ज घेतला. त्याच्यावरही शिक्का मागून घ्यावा लागला. पुढे कळलं की समोरचं खातं गोठवलंय आणि त्यात शिल्लक आहे 212 रुपये. ते परत हवेत तर कोर्टाचा आदेश आणा! ज्याने लुटलं त्याला माझ्याकडून एक कागद लागला नाही, आणि मला माझेच 212 रुपये मिळवायला कोर्ट.

त्या भामट्याने पाठवलेल्या केनेल क्लबच्या (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था) सर्टिफिकेटवर मायक्रोचिपचा, म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या ओळखचिपचा, नंबर 12 अंकी होता. खरा 15 अंकी असतो, मोजून बघा. ब्रीडरकडे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, 2017 चे नियम आहेत, आधी ती मागा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच मनाई आहे. व्हिडिओ कॉलवर पिल्लाच्या शेजारी आजचा पेपर धरायला सांगा. माझ्या माणसाने तीनदा 'नेटवर्क नहीं है सर' केलं होतं. आणि जमलं तर प्रत्यक्ष जाऊन आईसकट पिल्लू बघा. जाणं परवडत नसेल तर कुत्राही परवडत नाही.

परवा मुलीने तोच फोटो दाखवला. तेच पिल्लू, तेच डोळे, आता 'प्युअर हस्की', 35,000 रुपये, ठिकाण शिलाँग. स्क्रीनशॉट तक्रारीला जोडला, 'अपलोड यशस्वी' एवढं उत्तर आलं. त्या पिल्लाचं बुकिंग कोणी दिलं असेल तर आजच 1930 लावा, यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, हाताशी ठेवा. तुमचे पैसे गेले त्या खात्यात अजून 212 पेक्षा जास्त असतील.