९ मीटरची फळं काढायची दांडी मागवली आणि आली ३ मीटरची, घेण्याआधी हे वाचा

काल रात्री तीच जाहिरात परत दिसली म्हणून आज बसून सगळं लिहितेय. व्हिडिओ तोच, पांढरा टी-शर्ट घातलेला माणूस जमिनीवर उभा राहून उंच झाडाच्या शेंड्यावरचं फळ अलगद काढतो तो. दुकानाचं नाव तेवढं बदललंय आणि दांडी ९ मीटरवरून १२ मीटरची झालीये. खाली लोक विचारतायत की आमच्या गावाला डिलिव्हरी होईल का. मला त्यांना हात धरून थांबवावंसं वाटलं.

आमच्याकडे आंब्याचं एक जुनं झाड आहे. बाबा आधी शिडी लावून, मग फांदीवर चढून आंबे काढायचे. दोन वर्षांपूर्वी शिडी सरकली आणि ते पडले, नशिबाने मनगटावरच निभावलं, पण त्यानंतर आईने शिडीला हात लावू दिला नाही. मग राहिला तो जुना झेला, म्हणजे बांबूच्या टोकाला लोखंडी कडं, कड्याला पातं आणि खाली जाळी. झेला चांगलाच आहे पण बांबू जड, आणि बाबांचं मनगट आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, दहा-बारा आंबे काढले की हात थरथरायला लागतो. म्हणून मी हलकी, लांब होणारी दांडी शोधत होते, आणि एकदा दोनदा शोधलं की मोबाईलवर जिकडे बघाल तिकडे तेच दिसायला लागतं हे तुम्हाला माहितीच आहे.

जाहिरातीत लिहिलेलं जसं आठवतंय तसं सांगते. ९ मीटर लांब, चार भागांची टेलिस्कोपिक दांडी (म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची), मिटवल्यावर फक्त दीड मीटर, अस्सल कार्बन फायबर, वजन एक किलोपेक्षा कमी, शॉकप्रूफ, सगळ्या फळांना चालते, पटलं नाही तर ३० दिवसांत पैसे परत. वर घड्याळ उलटं पळतंय, ऑफर संपायला अकरा मिनिटं राहिलीत. मी त्या अकरा मिनिटांत ऑर्डर दिली. नंतर भावाने पान रिफ्रेश केलं तर घड्याळ परत तिथूनच सुरू झालं.

आता बघा, यातला खोटेपणा जाहिरातीतच लिहिलेला होता आणि मी साधा गुणाकार केला नाही. चार भाग आणि मिटवल्यावर दीड मीटर, म्हणजे चारही भाग पूर्ण ओढले तरी सहा मीटरच्या पुढे जाणं शक्यच नाही. वर प्रत्येक जोडाच्या ठिकाणी आतली नळी बाहेरच्या नळीत वीस-पंचवीस सेंटिमीटर तरी राहायला हवी, नाहीतर जोड डुगडुगतो. तीन जोडांचे पाऊण मीटर वजा करा, उरले सव्वापाच. नऊ कुठून येणार? कुठलीही टेलिस्कोपिक दांडी घेताना हा हिशोब आधी करा, मिटवलेली लांबी गुणिले भाग, त्यातून जोडांचं वजा. जो विकणारा मिटवलेली लांबी सांगतच नाही त्याच्याकडून घेऊच नका.

पार्सल तीन आठवड्यांनी आलं. खोक्याकडे बघूनच पोटात खड्डा पडला कारण ते माझ्या कमरेच्या थोडंसं वर येत होतं. टेप लावून मोजलं, मिटवून १.२ मीटर, भाग तीनच, सगळे ओढून ३.१ मीटर. काळा चकचकीत रंग, त्यावर विणल्यासारख्या चौकटींचा स्टिकर. भावाने कानस घेऊन खालच्या टोकाला जरा घासलं तर आत पांढरं चमकणारं अ‍ॅल्युमिनियम, आणि नळीची जाडी म्हणाल तर दोन बोटांनी जोरात दाबलं तर दबेल अशी.

इथे मला एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे कारण ती पैशांपेक्षा मोठी आहे. ते शॉकप्रूफ. आमच्या झाडाच्या एका बाजूने विजेची तार जाते आणि मी ‘कार्बन फायबर शॉकप्रूफ’ वाचून निश्चिंत झाले होते. खरी गोष्ट अशी की अ‍ॅल्युमिनियममधून तर वीज जातेच, पण अस्सल कार्बन फायबरमधूनसुद्धा जाते. ते प्लास्टिकसारखं दिसतं म्हणून लोकांना वाटतं त्यातून करंट येणार नाही, पण कार्बन वीज वाहून नेतो. त्यातल्या त्यात चालते ती फायबरग्लासची दांडी, तीही कोरडी आणि स्वच्छ असेल तोवरच. ओला बांबूही भरवशाचा नाही. आणि तार जास्त व्होल्टेजची असेल तर दांडी टेकायचीही गरज नसते, जवळ गेली तरी ठिणगी उडी मारते. तारेपासून निदान तीन मीटर लांब राहायचं, आणि ते अंतर दांडीच्या टोकापासून मोजायचं, आपण उभे असतो तिथून नाही. त्या विकणाऱ्याने मला तीन मीटरची दांडी पाठवली हा माझ्या खिशाला फटका, पण शॉकप्रूफ लिहून त्याने कुणाच्यातरी घरचा माणूस घालवला असता. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

तरी बाबा म्हणाले, आलीच आहे तर खालच्या फांद्यांना वापरून बघू. मी नको म्हणायला हवं होतं. भाग पिळून लॉक करायचे होते, म्हणजे आत प्लास्टिकची एक गोटी असते, पिळलं की ती नळीला आतून घट्ट बसते. पहिले चार-पाच आंबे निघाले. मग जाळीत दोन आंबे असताना बाबांनी दांडी उभी केली, लॉक सुटलं, आणि वरची नळी सरळ खाली आली. बाबांचा डावा हात नेमका जोडावर होता. अंगठा आणि बोटाच्या मधली कातडी दोन नळ्यांच्या फटीत सापडली आणि तिथे काळंनिळं रक्त साकळलं. तेवढ्यात वरचं डोकं, जे एकाच स्क्रूवर बसवलेलं होतं, ते पात्यासकट निखळून त्यांच्या पायाजवळ पडलं. वीतभर अंतरावर. बाबा काहीच बोलले नाहीत, हात झटकत खाली बसले आणि मी त्या पात्याकडे बघत राहिले.

नंतर जोड उघडून बघितला. प्लास्टिकच्या कॉलरला केसासारखी पांढरी चीर पडलेली, आणि आतली गोटी एका बाजूने गुळगुळीत झिजलेली, म्हणजे पाच आंब्यांत! पिळायचं लॉक सगळंच वाईट असतं असं नाही, पण वजन उभं खाली दाबणार असेल तिथे बटण भोकात टक्कन बसतं तसलं किंवा धातूचा खटका असलेलं लॉक बरं, कारण ते बसलंय की नाही हे डोळ्याला दिसतं.

पातंही बोथटच होतं. आंबा देठासकट कापून काढायचा असतो, बोटभर देठ राहिला की चीक फळावर येत नाही. देठ मुळातून तुटला की चीक उडतो, फळाच्या सालीवर काळे डाग पडतात आणि आपल्या अंगावर पडला तर कातडीही भाजते. या पात्याने देठ कापलाच जात नव्हता, चघळल्यासारखा होत होता, शेवटी ओढूनच काढावा लागे. ‘सगळ्या फळांना चालते’ हेही असंच. बोटांसारख्या तारा वाकवलेली टोपली असते ती सफरचंदासारख्या फळाला ठीक, जरा उचलून पिळलं की ते सुटतं. अ‍ॅव्होकॅडो मात्र ओढून काढला आणि देठाची टिकली निघाली की तिथूनच सडायला लागतो, त्याला कापणारंच डोकं हवं. एकाच डोक्याने सगळं होतं म्हणणाऱ्याने बहुतेक फळ काढलेलंच नसतं.

आणि समजा दांडी खरंच नऊ मीटरची आली असती तरी? भाऊ इंजिनियर आहे, त्याने समजावलं की टोकाला वजन तेवढंच ठेवून तिरप्या किंवा आडव्या दांडीची लांबी दुप्पट केली की वाक दुप्पट होत नाही, आठपट होतो. म्हणजे तीन मीटरला जी चार बोटं वाकते ती सहा मीटरला हातभर वाकणार. व्हिडिओतला माणूस एका हाताने शेंड्यावरचं फळ काढतो, त्याची दांडी जरासुद्धा वाकत नाही. मग आम्ही तो व्हिडिओ थांबवत थांबवत बघितला. ज्या चित्रात दांडीचं टोक फळाजवळ आहे त्यात माणूस नाही, आणि ज्यात माणूस आहे त्यात टोक फ्रेमच्या बाहेर. एकाही ठिकाणी दोन्ही एकत्र दिसत नाहीत.

आता पैसे परत मागायचा प्रकार. मी लगेच मेल केला. उत्तर फार गोड, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, फोटो पाठवा. पाठवले. मग म्हणे टेप लावून व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग उत्तर आलं की ९ मीटर म्हणजे पोच, त्यात माणसाची उंची आणि वर केलेला हात धरलाय. मी म्हटलं अहो, ३.१ मध्ये माणूस आणि त्याचा हात धरला तरी पाच-सव्वापाचच होतात. त्यावर उत्तर नाही, ऑफर आली, वस्तू ठेवा आणि १५ टक्के परत घ्या. नाही म्हटलं तर २५, मग ३५, आणि प्रत्येक मेलमध्ये तीन-चार दिवसांचं अंतर. शेवटी म्हणाले पूर्ण पैसे हवे असतील तर वस्तू आमच्या गोदामात पाठवा, ते गोदाम दुसऱ्याच देशात, आणि पाठवायचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त.

हे सगळं वेळ काढायला असतं, हे मला तेव्हा कळलं नाही. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराविरुद्ध तक्रार, टाकता येतो पण त्याला मुदत असते, आणि हे लोक ती मुदत संपेपर्यंत तुम्हाला मेलमध्ये खेळवत ठेवतात. थोडे पैसे घेऊन ‘मान्य’ असं लिहून दिलंत तर बाकीच्या पैशांवरचा दावा कमजोर होतो. मी बँकेत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे का. नव्हता. पान उघडलं तर तिथे आता ‘३ मीटर, अ‍ॅल्युमिनियम’ लिहिलेलं! हातपाय गार पडले. वाचवलं ते ऑर्डर कन्फर्मेशनच्या मेलने, त्यात वस्तूच्या नावातच ‘९ मीटर कार्बन फायबर’ होतं. तो मेल, टेपचा फोटो आणि त्यांच्या गोड उत्तरांची सगळी साखळी दिली, आणि काही आठवड्यांनी पैसे परत आले. म्हणून सांगते, काहीही मागवताना आधी पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि पार्सल फोडताना व्हिडिओ करा.

मधल्या काळात अजून एक घडलं. मी चिडून त्या जाहिरातीखाली लिहिलं की माझी फसवणूक झालीये. तासाभरात एकाचा मेसेज, मी रिफंड विभागातून बोलतोय, तुमचे पैसे आत्ता देतो. बोलणं इतकं आदबशीर की मला खरंच वाटलं. त्याने नाव विचारलं, ऑर्डर नंबर विचारला, मग कार्ड नंबर, आणि तोही मी दिला. मग म्हणाला एक ओटीपी येईल तो सांगा. ओटीपी आला, आणि आई शेजारी बसलेली, ती म्हणाली आधी मेसेज पूर्ण वाच. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, एवढ्या रकमेचं पेमेंट करण्यासाठी. रिफंड नाही, पेमेंट! पैसे आपल्याकडे यायला ओटीपी लागतच नाही. फोन ठेवला आणि कार्ड लगेच ब्लॉक केलं. एकदा फसलेला माणूस पैसे परत मिळवायला घायकुतीला आलेला असतो, आणि हे लोक नेमके तशांनाच शोधत बसलेले असतात.

ज्यांच्याकडे ही काळी दांडी आधीच येऊन पडलीये त्यांच्यासाठी एवढं. पात्याचं डोकं आजच काढून ठेवा. बिनपात्याची वापरायचीच असेल तर लॉक केल्यावर जोडावर पेनाने रेघ मारा, दोन-तीन फळांनी रेघ सरकलेली दिसली तर ती दांडी परत वर उचलू नका. हात कधीही जोडावर नको, त्याच्या खाली वीतभर. फळाच्या बरोब्बर खाली उभं न राहता जरा बाजूला उभं राहा, आणि तार असेल त्या बाजूला जाऊच नका. बाबा आता जुन्याच झेल्यावर आलेत, आम्ही फक्त बांबू बदलून हलका घेतला आणि पात्याला धार लावून आणली. ते एका वेळी सहा-सात आंबे काढतात आणि बसतात, मग मी काढते, शेंड्यावरचे पाखरांना.