एचएमसी वापरून सहा महिने झाले, सोलापुरात बसून

जुळे सोलापुरातल्या घरून ब्राउझरमधून मशीन बघतो, मशीन मुंबईत, त्यामुळे आयबीएम झेड या मेनफ्रेमचा (मोठ्या संगणकाचा) हा हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोल, एचएमसी, म्हणजेच माझे डोळे समजा. सगळ्यात भारी वाटलं ते 'अ‍ॅक्सेप्टेबल स्टेटस', म्हणजे कुठली स्थिती ठीक मानायची ते आपणच ठरवायचं. आमचं टेस्टचं एलपार (मशीनचाच स्वतंत्र संगणकासारखा चालणारा एक भाग) मुद्दामच बंद असतं, पण कन्सोल ते रोज एक्सेप्शन म्हणून दाखवायचा आणि त्या गर्दीत खरी अडचण दिसायचीच नाही, मग त्या एलपारच्या डिटेल्समध्ये जाऊन 'नॉट अ‍ॅक्टिव्हेटेड'ला टिक केलं, अप्लाय दाबलं, झालं, आता लाल दिसलं की उठायचंच.

दुसरं म्हणजे डिसरप्टिव्ह टास्कचं, म्हणजे चालू काम बंद पाडू शकणाऱ्या कमांडचं लॉकआउट, प्रॉडक्शनवर (खरं काम चालतं तिथे) हे 'येस' ठेवाच ठेवा. गड्ड्याच्या जत्रेच्या रात्री कामावरच्या जोडीदाराने भलतंच एलपार निवडून लोड (सिस्टिम नव्याने सुरू करायची कमांड) द्यायला घेतलं होतं, लॉक होतं म्हणून अडलं, माझे हातपाय गार पडले होते अक्षरशः.

मॉनिटर्स डॅशबोर्डवर प्रोसेसर किती वापरात, वीज किती खातंय, मशीनपाशी हवा किती गरम, सगळं एका जागी. मे महिन्यात बाहेर 43 डिग्री, फॅन गरम हवा फेकतोय आणि स्क्रीनवर मशीनरूमचे 22 बघून खरंच बरं वाटतं. शिकायला मात्र महिना द्या, मेनू खूप आहेत.